अक्षता, शालू आणि डीव्हीडी प्लेअरचा मेनू

लग्नाच्या डीव्हीडीत सगळ्यात वाईट दिसतात त्या अक्षता. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री घुमते आणि तांदूळ उडाले की पुढचे चार-पाच सेकंद पडद्यावर नुसते चौकोन नाचतात. नवरीचा चेहरा त्यात हरवतो. मग घरातलं कुणीतरी रिमोट उचलतं, प्लेअरच्या सेटअपमध्ये शिरतं आणि शार्पनेस वाढवतं. चौकोन आणखी ठसठशीत होतात.

यात प्लेअरचा दोष नाही. डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ या पद्धतीने दाबून बसवलेलं असतं. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाहीत. एक पूर्ण लिहायचं आणि पुढच्या काही चित्रांसाठी 'हा तुकडा इथून तिथे सरकला' एवढीच नोंद ठेवायची. कॅमेरा सावकाश मांडवावरून फिरला, भटजींचा हात हलला, तर ही युक्ती उत्तम चालते. शेकडो दाणे शेकडो दिशांना उडाले की मात्र नुसतं 'सरकला' म्हणून भागत नाही. सगळंच नव्याने लिहावं लागतं आणि तेवढी जागा नसते. डीव्हीडीवर चित्रासाठी सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट वापरता येतात. व्हिडिओवाल्याने साडेतीन तासांचं लग्न ४.७ जीबीच्या एकाच डिस्कवर कोंबलं असेल, तर आवाज धरूनही सरासरी जेमतेम ३ मेगाबिट वाट्याला येतात. पाऊस, समुद्राचा फेस, गुलालाची उधळण, सगळ्यांची हीच रड. ते दाणे डिस्क बनवतानाच गेले. आता कुठल्याही बटणाने ते परत येत नाहीत.

तरीही मेनूत शिरण्यात अर्थ आहे, कारण डिस्कवर जे शाबूत आहे तेही आपण बहुतेक वेळा पडद्यापर्यंत नीट पोहोचू देत नाही. मेनूतल्या काही सेटिंग चित्राच्या वाटेबद्दल असतात: टीव्हीचा आकार कोणता, पद्धत पाल की एनटीएससी, वायर कुठली, ओळी कशा पाठवायच्या. बाकीच्या रंगरंगोटीच्या: ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, ह्यू, शार्पनेस. लोकांच्या संध्याकाळी जातात रंगरंगोटीत आणि वाट चुकलेलीच राहते. माझं सरळ मत आहे की प्लेअरमध्ये फक्त वाट नीट करावी, आणि रंगरंगोटीला तिथे हातही लावू नये.

सुरुवात आकारापासून. सेटअपमध्ये 'टीव्ही डिस्प्ले' किंवा 'टीव्ही शेप' असं काहीतरी असतं आणि त्याखाली पर्याय असतात: ४:३ पॅन स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स आणि १६:९. जुन्या प्लेअरांपैकी कितीतरी कारखान्यातून ४:३ वरच यायचे, कारण तेव्हा दिवाणखान्यात पेटीसारखा फुगीर टीव्ही असायचा. पुढे टीव्ही बदलला, भिंतीवर चढला, प्लेअरला मात्र कुणी कळवलंच नाही.

त्याने बिघडतं काय? पाल डीव्हीडीवरचं प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, सिनेमा रुंद असो वा जुन्या घाटाचा चौकोनी. रुंद सिनेमा आडवा आवळून त्याच ठिपक्यांत बसवतात आणि सोबत खूण ठेवतात की दाखवताना हा पसरायचा आहे. टीव्ही १६:९ आहे असं प्लेअरला सांगितलं, तर तो ५७६ च्या ५७६ ओळी पाठवतो आणि टीव्ही त्या रुंद करून दाखवतो. टीव्ही ४:३ लेटरबॉक्स आहे असा त्याचा समज असेल, तर तो त्या ५७६ ओळींच्या ४३२ करतो आणि उरलेल्या जागी वर-खाली काळ्या पट्ट्या भरतो. रुंद टीव्हीवर मग चारही बाजूंना काळी चौकट आणि मधे एवढासा सिनेमा. आपण वैतागून टीव्हीचं झूम दाबतो, पडदा भरतो, आणि वाटतं झालं काम. पण चित्राच्या एक चतुर्थांश ओळी वाटेतच गळल्या आहेत. एवढं एक सेटिंग १६:९ वर नेलं की त्या परत येतात. मेनूतल्या कुठल्याही रंगाच्या पट्टीने एवढा फरक पडत नाही.

याला अपवाद आहे. काही डीव्हीडींवर, विशेषतः जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांच्या, काळ्या पट्ट्या चित्रातच भाजलेल्या असतात. तिथे आवळणं-पसरणं झालेलंच नसतं, म्हणून झूम हाच उपाय. आणि २००० च्या आसपासची लग्नाची शूटिंग साधारणपणे ४:३ चीच. ती रुंद टीव्हीवर पाहताना डावी-उजवीकडे काळी जागा उरणारच. ती उरू द्यावी. 'फुल' करून पडदा भरण्याच्या हौसेपायी घरोघरच्या आत्या-मावश्या उगाच दुप्पट वजनाच्या झाल्या आहेत.

पाल आणि एनटीएससीचं प्रकरण थोडक्यात. भारतात, युरोपात पाल: सेकंदाला २५ चित्रं, ५७६ ओळी. अमेरिका, जपानात एनटीएससी: सुमारे ३० चित्रं, ४८० ओळी. गंमत अशी की परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे डोळा ठेवून काढलेल्या अनेक हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी एनटीएससीत आहेत. म्हणजे मुंबईत बनलेला सिनेमा मुंबईतल्याच घरात अमेरिकी पद्धतीने येतो. म्हणून मेनूत 'टीव्ही सिस्टिम' या ठिकाणी ऑटो किंवा मल्टी ठेवावं. नुसतं पाल ठेवलं तर प्लेअर एनटीएससी डिस्कचं जागच्या जागी पालमध्ये रूपांतर करत बसतो, ओळी ताणतो, हालचालीला हिसके बसतात. उलट्या दिशेची अडचण न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ठाऊक आहे: पुण्याहून आलेली पाल डिस्क तिथले कितीतरी प्लेअर घेतच नाहीत.

पालचा एक परिणाम डोळ्यांपेक्षा कानाला जाणवतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. पालमध्ये तो बहुधा २५ च्या वेगाने सरळ पळवला जातो. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टी अर्ध्या सुराहून थोडी कमी चढते. तबकडी ऐकून कान तयार झालेल्या माणसाला 'काहीतरी वेगळं लागतंय' असं वाटतं ते यामुळे. त्याला सेटिंग नाही.

आता वायर. लाल शालूच्या कडा पाहा. पिवळ्या पिनेच्या वायरने जोडलेल्या प्लेअरवर तो लाल रंग शालूच्या बाहेर, शेजारच्या पांढऱ्या उपरण्यावर सांडलेला दिसतो. कुंकवाच्या टिळ्याचंही तेच. याची दोन कारणं एकमेकांवर चढतात. डीव्हीडीवर उजेड-अंधाराची माहिती पूर्ण असते, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांमागे एकदाच लिहिलेली असते, कारण आपल्या डोळ्याला रंगाचा बारकावा तसाही कमी दिसतो. त्यात पिवळी वायर उजेड आणि रंग एकाच तारेतून मिसळून नेते. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि ते कधीच स्वच्छ वेगळे होत नाहीत. लाल-हिरव्या-निळ्या पिनांची कॉम्पोनन्ट वायर हा गुंता टाळते. एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला. मेनूत 'व्हिडिओ आउट' मात्र जी वायर लावली आहे तीवरच हवं. पिवळी वायर लावून 'प्रोग्रेसिव्ह स्कॅन' चालू केलं तर पडदा कोरा पडू शकतो, आणि मग आंधळेपणाने रिमोट दाबत परत यावं लागतं.

हे प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय? जुना टीव्ही चित्र दोन खेपांत काढायचा. आधी १, ३, ५ अशा ओळी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर २, ४, ६. लग्नाचा कॅमेराही असंच टिपायचा. म्हणजे एका चित्रातल्या विषम ओळी एका क्षणाच्या आणि सम ओळी पुढच्या क्षणाच्या. पेटीतल्या टीव्हीवर ते जसंच्या तसं उमटायचं आणि छान दिसायचं. आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, त्यामुळे हार घालायला उचललेल्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. सिनेमाचं तसं नाही. त्याच्या दोन्ही खेपा मुळात एकाच चित्राच्या, म्हणून त्या विणून टाकल्या की झालं. मेनूत 'फिल्म, व्हिडिओ, ऑटो' असे पर्याय दिसले तर ते याच्यासाठी आहेत. सिनेमाला ऑटो पुरतो. घरच्या शूटिंगला 'व्हिडिओ' लावून पाहा. ऑटो कधीकधी फसतो.

आणि ओळी मोठ्या करायचं काम? ७२० बाय ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६००, बरोबर पाचपट. पाचांतले चार ठिपके कुणीतरी अंदाजाने भरायचे आहेत. फोर-के पडद्यावर तर वीसांतले एकोणीस. एचडीएमआयवाला प्लेअर हा अंदाज स्वतः करतो, नाहीतर टीव्ही करतो. 'रिझोल्यूशन' आधी ५७६ वर आणि मग १०८० वर ठेवून एकच दृश्य पाहावं, जे बरं दिसेल ते ठेवावं. माझा अनुभव असा की स्वस्त प्लेअर आणि चांगला टीव्ही अशी जोडी असेल तर हे काम टीव्हीवरच सोडलेलं बरं. 'डीव्हीडी फोर-के करून दाखवतो' या जाहिरातीला फार भुलू नये. ठिपके वाढतात, माहिती वाढत नाही.

वाट झाली. आता रंगरंगोटी.

प्लेअरमध्ये ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर आहे आणि टीव्हीतही आहे. दोन्हीकडे हात घालणं म्हणजे आमटीत सुनेनेही मीठ घालायचं आणि सासूनेही. प्लेअरने पांढरा वाढवून कापून टाकला तर टीव्हीला तो कमी करून परत आणता येत नाही, कापलेलं गेलंच. म्हणून प्लेअरमधल्या सगळ्या पट्ट्या शून्यावर किंवा 'स्टँडर्ड'वर ठेवा आणि जे काय करायचं ते टीव्हीत करा. टीव्ही कशाला? कारण बहुतेक टीव्ही प्रत्येक जोडणीची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात. केबलच्या डब्यासाठी एक, डीव्हीडीसाठी दुसरी.

टीव्हीत पहिलं काम म्हणजे 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' सोडणं. ती सेटिंग दुकानातल्या झगझगीत ट्यूबलाइटखाली शेजारच्या टीव्हीला हरवण्यासाठी असते. घरात तिचा उपयोग एवढाच की पाहुणे म्हणतात, 'वा, काय कलर आहे!' आणि अर्ध्या तासाने डोळे चोळतात. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा. पहिला दिवस सगळं पिवळट, मरगळलेलं वाटेल. तिथे घाई करू नका.

मग ब्राइटनेस. ही पट्टी सरकवली की पांढरा फारसा हलत नाही, काळा हलतो. खोलीत उजेड फार म्हणून चित्र उजळ हवं असेल तर बहुतेक एलईडी टीव्हींत त्यासाठी 'बॅकलाइट' वेगळा असतो. (काही नव्या टीव्हींत नावं अदलाबदल झाली आहेत, तिथे बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात आणि काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' असतं.) काळा कुठे बसवायचा हे ठरवायला १६:९ हूनही रुंद सिनेमाच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या हे उत्तम माप आहे. त्या पट्ट्या चित्राइतक्याच खऱ्या काळ्या असतात. ब्राइटनेस वाढवत न्या, पट्ट्या करड्या होतील. मग हळूहळू खाली आणा, पट्ट्या पुन्हा नुकत्याच काळ्या झाल्या की थांबा. त्याखाली गेलात तर अंधारातला ऐवज बुडायला लागतो.

हे तपासायला माझ्या मते गुरुदत्तांच्या 'कागज के फूल'इतकी चांगली डिस्क नाही. १९५९ चा हा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे पट्ट्या भरपूर रुंद. आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती. रिकाम्या स्टुडिओत उन्हाचा जाड झोत तिरपा उतरतो ते गीता दत्तच्या आवाजातलं गाणं लावा. आरशांनी बाहेरचं ऊन आत वळवून तो झोत मिळवला होता. ब्राइटनेस जास्त असेल तर सगळा स्टुडिओ धुरकट करडा दिसतो आणि झोताची धार जाते. कमी असेल तर झोत झकास दिसतो, पण मागचे खांब आणि माणसांच्या कपड्यांच्या घड्या काळोखात गडप होतात. दोन्हींच्या मधे एक जागा अशी येते की झोतही धारदार आहे आणि अंधारातली खोलीही कळते. मूर्तींनी जी मेहनत केली ती त्या जागेवर दिसते. चित्रपट कृष्णधवल, रंगाचा काही संबंध नसल्यामुळे नजर फक्त उजेड-अंधारावर राहते, हा आणखी एक फायदा.

पट्टी कितीही हलवली तरी चित्र फिकटच राहत असेल किंवा अंधार काजळासारखा लिंपलेलाच असेल, तर दोष बहुधा ब्राइटनेसचा नाही, एचडीएमआयचा आहे. डीव्हीडीवर उजेडाची मोजणी ० ते २५५ अशी पूर्ण वापरत नाहीत. काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. कॉम्प्युटरच्या जगात काळा ०, पांढरा २५५. प्लेअर एका हिशेबाने पाठवतोय आणि टीव्ही दुसऱ्या हिशेबाने वाचतोय, असं झालं की एकतर काळ्याचा करडा होतो, नाहीतर १६ च्या जवळपासचं सगळं काळंठिक्कर पडतं. प्लेअरमध्ये 'आरजीबी फुल, लिमिटेड' किंवा 'वायसीबीसीआर' असे शब्द दिसतील. ऑटो किंवा वायसीबीसीआर ठेवा, बहुतेक तंटे तिथेच मिटतात.

कॉन्ट्रास्ट पांढऱ्यासाठी. मांडवात बसलेल्या एखाद्या आजोबांची पांढरी टोपी किंवा धोतर शोधा. टोपीच्या घडीची रेघ दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. घडी दिसेपर्यंत कमी करा. कलरची पट्टी चेहऱ्यांवरून ठरवावी, शालूवरून नव्हे. शालू कितीही लाल असू शकतो, पण आपल्या माणसांचे चेहरे कसे दिसतात हे आपल्याला ठाऊक असतं.

ह्यू किंवा टिंट टीव्हीत अनेकदा बंद, करडं दिसतं आणि लोकांना वाटतं टीव्हीत बिघाड आहे. अमेरिकेची एनटीएससी पद्धत रंगाची छटा लाटेच्या चालीवरून ओळखायची. वाटेत ती चाल जरा चुकली की चेहरे हिरवट किंवा जांभळट व्हायचे, म्हणून तिथल्या टीव्हीला ते बटण लागायचंच. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर तोड काढली: एक ओळ सोडून पुढच्या ओळीत ती चाल उलटी करायची. एका ओळीत चूक हिरव्याकडे झुकली तर पुढच्या ओळीत तितकीच जांभळ्याकडे, आणि सरासरीत दोन्ही उडून जातात. हेच पाल. भारताने १९८२ साली रंगीत दूरदर्शन सुरू केलं तेव्हा हीच पद्धत घेतली. त्यामुळे आपल्याकडे पाल चित्राला टिंट लागतच नाही. प्लेअरमधली ह्यूची पट्टी चालते हे खरं, पण ती शून्यावरच बरी.

शार्पनेस सगळ्यात फसवी. ती नवा बारकावा आणत नाही. जिथे काळं-पांढरं भेटतं तिथे काळ्याच्या बाजूला जास्त काळी आणि पांढऱ्याच्या बाजूला जास्त पांढरी रेघ ओढते. देवळाच्या कळसाभोवती, विजेच्या तारांभोवती आकाशात पांढरी कड दिसली की समजा ही पट्टी चढलेली आहे. ती कड जाईपर्यंत खाली या. चौकोनांच्या कडाही या पट्टीला खऱ्याच कडा वाटतात, म्हणून अक्षतांच्या वेळी ती वाढवली की दृश्य आणखी बिघडतं.

राहिलं कलर टेंपरेचर. व्हिडिओचा पांढरा ६५०० केल्विनच्या आसपास धरलेला असतो. टीव्हीतलं 'कूल' त्याहून बरंच निळं असतं. 'वॉर्म' त्याच्या जवळ जातं. कूलवर हळदीचा पिवळा फिकट पडतो आणि पांढरं धोतर निळीत बुडवलेलं दिसतं. हालचाल गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंग तर सिनेमासाठी बंदच करावं. त्याने पडद्यावरचा सिनेमा मालिकेच्या शूटिंगसारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने लोकांना ते बंद करायचं जाहीर आवाहन केलं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या संस्थेने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. त्याचा मुख्य हेतू असल्या सुधारणा एका फटक्यात बंद करणं हाच. तुमच्या टीव्हीत तो असेल तर वरची निम्मी खटपट वाचेल.

प्लेअरमधल्या रंगरंगोटीला एका ठिकाणी मी मुभा देईन, ते म्हणजे व्हीसीडी. मराठी नाटकांच्या आणि जुन्या चित्रपटांच्या व्हीसीडी अजून कपाटात आहेत. त्यांचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एमपेग-१ चं, सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिटचं, फुल एचडी पडद्याच्या विसाव्या हिश्शाहूनही थोडं कमी. तिथे रंगमंचाचा काळा पडदासुद्धा चौकोनांनी उकळत असतो. प्लेअरमध्ये 'नॉइज रिडक्शन' असेल तर ते चालू करा, शार्पनेस शून्याखाली आणा, 'सॉफ्ट' असेल तर तो निवडा. हे प्लेअरमध्येच करणं बरं, कारण चौकोन कुठून कुठे आहेत हे त्यालाच नेमकं माहीत असतं. चित्र मोठं होऊन टीव्हीत पोहोचलं की त्यांच्या सीमा पुसट होतात. खुर्चीही थोडी मागे घ्या. पुढची डिस्क डीव्हीडी असेल तर हे सगळं पुन्हा स्टँडर्डवर न्यायला विसरू नका.

आणि आकडे एका चिठ्ठीवर लिहून प्लेअरच्या पोटाला चिकटवून ठेवा. कुणीतरी 'डिफॉल्ट' दाबणारच, आणि तसं झालं की प्लेअर पुन्हा ४:३ वर जाऊन बसेल.